बी-व्हॅल्यू वाढवली की गाठ अधिक स्पष्ट दिसते का?

प्रश्न : माझ्या वडिलांच्या प्रोस्टेटचा एमआरआय आधी सांगलीत आणि चार महिन्यांनी पुण्यात झाला. एडीसी (ऊतीतील पाण्याचे रेणू किती मोकळेपणी सरकतात याचे माप) काढताना सर्वांत मोठी बी-व्हॅल्यू (त्या हालचालीला यंत्र किती संवेदनशील ठेवले आहे हे सांगणारा आकडा) पहिल्या वेळी ८०० होती, दुसऱ्या वेळी १४००. दुसऱ्या अहवालात गाठीचा एडीसी कमी आला आहे. गाठ बळावली असे समजावे का? आणि बी-व्हॅल्यू आणखी वाढवून थेट पेशीच का पाहत नाहीत?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : केवळ या आकड्यावरून तसे समजू नये. पेशींची दाटी जितकी जास्त, तितकी ऊतीतील पाण्याच्या रेणूंची वाट अडते आणि एडीसी कमी येतो, हे खरे आहे. परंतु छोट्या बी-व्हॅल्यूला सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील प्रवाहही मापात मिसळतो, तर मोठ्या बी-व्हॅल्यूला अडलेल्या पाण्याचा वाटा वाढतो; त्यामुळे तीच गाठ त्याच दिवशी १४०० पर्यंत मोजली, तरी एडीसी सहसा कमीच भरतो.

मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांच्या थप्प्यांमध्ये एखादे मूल धावत सुटले, तर ते कितपत अडले हे क्षणभरात कळत नाही. थप्पीपर्यंत पोहोचण्याइतका वेळ त्याला द्यावा लागतो. शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्याचा रेणू ५० मिलिसेकंदांत एका दिशेने सरासरी सुमारे १७ मायक्रोमीटर सरकतो, आणि पुष्कळ पेशींचा व्यासही १० ते २० मायक्रोमीटरच असतो. या विषयातील सर्वांत सुंदर योग मला हाच वाटतो. मात्र चित्रातील एक ठिपका मिलिमीटरच्या मापाचा असल्याने एकेक पेशी दिसत नाही, असंख्य पेशींच्या सरासरी रचनेचे अनुमानच काढता येते.

बी-व्हॅल्यू वाढवत नेली की ऊतीकडून यंत्राला मिळणारा संकेत क्षीण होतो : एडीसी ०.००१ चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद धरला, तर साध्या हिशेबाने १००० ला सुमारे ३७ टक्के आणि ३००० ला जेमतेम ५ टक्के संकेत उरतो. शिवाय नेहमीच्या यंत्रावर त्यासाठी चुंबकीय क्षेत्राचे स्पंद लांबवावे लागतात, तेवढ्या वेळात संकेत आणखी विझतो आणि गोंगाटच उरतो. म्हणून रुग्ण स्थिर पडून राहू शकेल तेवढ्या वेळात कोणती मोजकी मापे घेतली असता चूक कमीत कमी राहील, हे गणिताने ठरवतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विकसित झालेल्या ‘व्हर्डिक्ट’ पद्धतीत प्रोस्टेटसाठी ९० ते ३००० पर्यंत पाचच बी-व्हॅल्यू घेऊन रक्तवाहिन्या, पेशींचा अंतर्भाग आणि पेशींबाहेरील जागा यांचे वाटे वेगळे काढतात.

तुम्ही दोन्ही तपासण्यांच्या सीडी एकाच रेडिऑलॉजिस्टला दाखवा, आणि पुढील तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच प्रोटोकॉलने करण्याची विनंती करा.