नव्या आशाताईंसाठी: अंगावरचं दूध आणि रक्ताचा कर्करोग

ताई, 2015 मध्ये 18 अभ्यास एकत्र तपासले गेले. सहा महिने किंवा जास्त अंगावर पाजलेल्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचा धोका 19 टक्के कमी दिसला. ही हमी नव्हे; आजारी लेकराच्या आईला दोष मुळीच देऊ नका.

पहिल्या तासात चीक पाजायला लावा. मध, घुटी नको. खरी अडचण उन्हाळ्यात येते. 45 अंशांत सासू पाण्याचा चमचा पुढे करते. त्यानं पोट भरतं, बाळ कमी ओढतं, मग दूधही कमी उतरतं. सहा महिने पाणीसुद्धा नको, दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजणं पुरे. बोंडाला चिरा पडल्या तर बहुधा बाळ फक्त टोक चोखतंय: तोंड मोठं उघडू द्या, भोवतीचा काळा भागही आत जावा, बाळाची हनुवटी आईच्या स्तनाला टेकावी.