वाचकांचे प्रश्न : खराब रस्ते जपणारी शर्यत

प्रश्न : पॅरिस–रुबे या एकदिवसीय सायकल शर्यतीची दृश्ये पाहिली. फ्रान्ससारख्या देशात उत्तम डांबरी रस्ते असताना सायकलपटूंना ओबडधोबड दगडी वाटांवरून का नेले जाते? आणि जिथे पंक्चर व अपघात इतके होतात, तिथल्या विजेत्याला श्रेष्ठ म्हणावे की नुसता नशीबवान?

उत्तर : या वाटा दुर्लक्षामुळे तशा राहिलेल्या नाहीत, त्या मुद्दाम तशाच राखल्या जातात. उत्तर फ्रान्समधल्या रुबे शहरातील तेओदोर व्हिएन आणि मोरिस पेरेझ या दोन कापड कारखानदारांनी 1896 मध्ये ही शर्यत सुरू केली, तेव्हा त्यांना सायकल शर्यतींसाठी बांधलेल्या आपल्या नव्या गोलाकार धावपट्टीकडे लोक वळवायचे होते. उत्तर फ्रान्समधले रस्ते त्या काळी घडीव दगडांचेच असल्यामुळे खडतर मार्ग वेगळा शोधण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र गावोगावी डांबर आले आणि दगडी रस्ता हे मागासपणाचे लक्षण ठरू लागले. तेव्हा आयोजकांना शेतांमधल्या आडवाटा धुंडाळाव्या लागल्या. आरेनबेर्गच्या जंगलातला सुमारे सव्वादोन किलोमीटरचा सरळसोट दगडी पट्टा 1968 मध्ये शर्यतीत आला तो जाँ स्टाब्लिन्स्की यांच्या सूचनेवरून. सायकलपटू होण्यापूर्वी त्यांनी त्याच परिसरातल्या कोळसा खाणीत काम केले होते. अशा वाटांच्या शोधात शर्यतीचा आरंभच पॅरिसबाहेर सरकला आणि 1977 पासून ती पॅरिसच्या उत्तरेकडील काँपिएन्य गावाहून सुटते. नावातले पॅरिस तेवढे उरले आहे!

आज सुमारे 260 किलोमीटरच्या मार्गात 50 किलोमीटरहून अधिक अंतर दगडी असते. ‘पॅरिस–रुबेचे मित्र’ ही 1983 मध्ये स्थापन झालेली संघटना खचलेले दगड काढून पुन्हा बसवते. म्हणजे या रस्त्याचीही डागडुजी होते, फक्त तो गुळगुळीत होऊ दिला जात नाही. ‘उत्तरेतला नरक’ हे टोपणनावही दगडांमुळे पडले, असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक पहिल्या महायुद्धानंतर, 1919 च्या शर्यतीआधी, मार्गाची पाहणी करणाऱ्यांना तोफांनी उद्ध्वस्त केलेला जो मुलूख दिसला, त्यावरून ते नाव रूढ झाले.

आता नशिबाविषयी. दगडांवरून जाताना हँडल घट्ट आवळून धरणाऱ्याचे हात लवकरच निकामी होतात, म्हणून जाणकार सायकलपटू पकड सैल ठेवतो, टायरमधली हवा नेहमीपेक्षा कमी ठेवतो आणि शक्यतो रस्त्याच्या मधल्या उंचवट्यावरून जातो, कारण कडेला चिखल साचलेला असतो आणि दगडांच्या धारांवर टायर फाटतो. दगडी पट्टा अरुंद असल्याने त्यात पहिल्या वीस-तीस जणांत शिरणे फार महत्त्वाचे ठरते. मागे राहिलेला स्वतः पडला नाही, तरी पुढे पडलेल्यांमुळे अडकतो. म्हणून पट्टा जवळ येताच डांबरावर जी रेटारेटी होते, ती अंतिम रेषेजवळच्या चढाओढीसारखीच असते. संघाची मोटार मागे अडकलेली असल्यामुळे मदतनीस चाके घेऊन वाटेत ठिकठिकाणी उभे राहतात. नशिबाला पूर्वतयारीने किती आवरता येते, ते यावरून दिसेल.

रोजे दे व्लामिंक आणि टॉम बोनेन यांनी प्रत्येकी 4 वेळा, तर मात्यू व्हान देर पूल यांनी 2023 ते 2025 अशी सलग 3 वर्षे ही शर्यत जिंकली आहे. निव्वळ दैवावर हे घडत नाही. फ्रान्सचे नामवंत सायकलपटू बेर्नार इनो यांना या शर्यतीचा मनस्वी तिटकारा होता आणि तो ते लपवतही नसत. तरीही 1981 मध्ये वाटेत पुन्हापुन्हा पडूनही ते जिंकले. 2025 मध्ये तादेय पोगाचार व्हान देर पूल यांच्याबरोबर आघाडीवर असताना एका वळणावर वेगाचा अंदाज चुकून पडले आणि दुसरे आले. त्याला दुर्दैव म्हणता येणार नाही.

तरीही दैवाचा वाटा शून्य आहे, असे मी म्हणणार नाही. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियाचे सायकलपटू मॅथ्यू हेमन यांचा हात शर्यतीच्या जेमतेम सहा आठवडे आधी मोडला होता आणि त्यांचा बराचसा सराव घरात, जागीच फिरणाऱ्या सायकलवर झाला होता. शर्यत जिथे संपते त्या रुबेच्या धावपट्टीवरच्या अखेरच्या दीड फेरीत त्यांनी पाचव्या विजयासाठी आलेल्या बोनेन यांना मागे टाकले आणि विजेत्याला मिळणारा तो रस्त्यावरचाच दगड, बऱ्या झालेल्या हातासह दोन्ही हातांनी, डोक्यावर उचलला.