सुट्टीसाठी एक दोरी आणि किल्ली पुरे

मुलगी पहिल्यांदाच पूर्ण सुट्टी घरी आहे म्हणून तासातासाचं वेळापत्रक आखताय ना? ते राहू द्या. दिवसाला एकच प्रयोग, तोही तिच्या हातून.

लंबकापासून सुरुवात करा. दोरीला किल्ली बांधून टांगा, लांबी १ मीटर. हलकासा झोका देऊन १० झोके मोजायला सांगा (जाऊन परत आला की एक). साधारण २० सेकंद लागतील. आता विचारा, दोन किल्ल्या बांधल्या तर? बहुतेक मुलं ‘लवकर होईल’ म्हणतात. लगेच चूक दाखवू नका, करून बघू द्या. वेळ तेवढाच लागतो! मग दोरी २५ सेंटिमीटर करा, वेळ निम्मा होतो. दोरी पाव झाली तर वेळ निम्माच का, हा प्रश्न दोन दिवस सहज पुरतो. माझ्या मुलाने तर न सांगता आकडे वहीत मांडून आलेख काढला होता.

नंतर उन्हात काठी उभी करून दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा. सर्वांत आखूड सावली उत्तर-दक्षिण दिशा दाखवते. ती बरोबर बारालाच पडेल असं नाही, हे तिचं तिला सापडू द्या. सूर्याकडे थेट बघायचं नाही, एवढं मात्र आधीच बजावा.