इम्युनोथेरपीच्या दुसऱ्या डोसनंतर वडिलांना धाप लागते, पापणी खाली येते. टू-डी एको नॉर्मल आहे. तरी हृदयाला सूज असू शकते का?

हो, असू शकते. पुढचं वाचण्याआधी त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. ते भेटले नाहीत तर आयसीयू असलेल्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत आजच न्या. सोमवारच्या ओपीडीपर्यंत थांबू नका.

तुम्ही लिहिलंय की फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध चालू आहे, मांड्या-खांदे दुखतात, संध्याकाळी एकाचं दोन दिसतं आणि जवळच्या डॉक्टरांनी एको पाहून 'अशक्तपणा आहे' असं सांगितलं. मी हृदयरोगतज्ज्ञ आहे, कॅन्सरचे रुग्ण नेहमी पाहते. मला धापेइतकीच त्या पापणीची काळजी वाटते. या औषधाने होणारा मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूची सूज, पुष्कळदा एकटा येत नाही. सोबत हातापायांच्या स्नायूंना सूज येते आणि मायस्थेनियासारखी, म्हणजे स्नायू लवकर थकण्याच्या आजारासारखी, पापणी पडते. तिन्ही एकत्र असतील तर श्वासाचे स्नायूही थकतात आणि रुग्ण काही तासांत खालावू शकतो.

आपल्या टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. हे औषध तो सोडवतं, म्हणून त्या कॅन्सरवर तुटून पडतात; क्वचित हृदयावरही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरच्या, दोन रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब या अशाच औषधांच्या पहिल्याच डोसनंतर दोघे दगावले होते, आणि त्यांच्या हृदयात व इतर स्नायूंत टी-पेशी शिरलेल्या आढळल्या. हा त्रास विरळा आहे, शंभरात साधारण एकाला किंवा त्याहून कमी जणांना होतो. पण झाला तर जिवावर बेतू शकतो, आणि बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांतच दिसतो. तुमचे वडील नेमके त्याच काळात आहेत.

आता एकोबद्दल. एका पाहणीत अशा रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांचं पंपिंग नॉर्मल होतं. त्यामुळे नॉर्मल एकोवर विसंबू नका. आज ईसीजी, आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढतं) व सीपीके (कुठल्याही स्नायूला इजा झाली की वाढतं) करून घ्या. उपचाराआधीचा ईसीजी असेल तर तो सोबत न्या, कारण नवा ब्लॉक, म्हणजे हृदयातल्या विजेच्या वाटेतला अडथळा, दिसला तर तो फार महत्त्वाचा ठरतो. ट्रोपोनिनचे टी आणि आय असे दोन प्रकार असतात. स्नायूंच्या सुजेनेही टी वाढू शकतं, म्हणून शक्य असेल तिथे आय पाहावं. पुढे हृदयाचा एमआरआय, आणि हार्ट अटॅक नाही ना हे पाहायला गरजेप्रमाणे अँजिओग्राफी.

इमर्जन्सीत 'केमो चालू आहे' एवढंच सांगू नका. औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख आणि पापणीबद्दल स्वतःहून सांगा. संशय पक्का वाटला तर मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, बहुधा दिवसाला १ ग्रॅम, शिरेतून देतात. पहिल्या २४ तासांत सुरू झालं तर निकाल चांगले येतात, म्हणून एमआरआयच्या तारखेसाठी ते अडवून ठेवत नाहीत.

स्टिरॉइडने कॅन्सरवरचा परिणाम वाया जाईल, ही भीती मी कितीतरी घरांत पाहिली आहे. त्यापायी उशीर करू नका. तिसरा डोस तूर्त थांबवायला सांगा. मायोकार्डायटिस निघालाच तर हे औषध सहसा पुन्हा देत नाहीत, पण काही रुग्णांत ते बंद केल्यावरही गाठ बरेच महिने आटोक्यात राहते. पुढच्या उपचारांचं तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टशी सावकाश बोलता येईल. ट्रोपोनिन मात्र आजच.