आकडा वाढला म्हणजे गाठ वाढलीच का?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, देवगडहून लिहितेय. माझ्या बाबांना लहान आतड्याचा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ) आहे, लिव्हरमध्येही गाठी आहेत, ग्रेड १ लिहिलंय. दर २८ दिवसांनी ऑक्ट्रिओटाइडचं ३० चं इंजेक्शन चालू आहे. क्रोमोग्रॅनिन ए, म्हणजे गाठीवर लक्ष ठेवायला रक्तात मोजतात ते प्रोटीन, आधी मुंबईच्या लॅबमध्ये २१० आलं, मग १८५, आम्ही सगळे खूश. आता पावसामुळे मुंबईला जाणं झालं नाही म्हणून इथेच रक्त दिलं तर एकदम ६४०! स्कॅन अजून महिन्याभराने आहे. काका म्हणतात इंजेक्शन लागू पडत नाही, बंद करा, इरफान खानचं काय झालं बघितलं ना. बाबांनी ते ऐकून जेवणच टाकलंय. तशी तब्येत बरी आहे, जुलाब कमी झालेत, वजन पण टिकून आहे. फक्त जळजळ होते म्हणून गावातल्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी पॅन्टोप्राझोल दिलीय, ती रोज घेतात. काय समजायचं आम्ही?

उत्तर : ताई, आधी बाबांना जेवायला बसवा. इंजेक्शन अजिबात बंद करू नका, एका आकड्यावरून ते कोणीच बंद करत नाही. आणि तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी लिहिलंय, पॅन्टोप्राझोल.

ही गोळी पोटातलं ॲसिड कमी करते, ॲसिड कमी झालं की शरीर गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन जास्त सोडतं, त्याने जठरातल्या काही पेशी चाळवतात आणि त्या पेशीसुद्धा क्रोमोग्रॅनिन बनवतात. म्हणजे रक्तात वाढलेलं क्रोमोग्रॅनिन गाठीतूनच आलंय असं नाही, निरोगी माणसाने ही गोळी रोज घेतली तरी त्याचा आकडा नॉर्मलच्या कितीतरी पट वर जाऊ शकतो. ओमेप्राझोल, राबेप्राझोल, सगळी तीच जात. आपल्याकडे ही गोळी इतकी सर्रास घेतली जाते की पेशंट औषधांच्या यादीत तिचं नावच सांगत नाहीत, 'गॅसची गोळी ती, औषध थोडीच' म्हणतात, आणि मग अख्खं घर झोप घालवून बसतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण रक्त घ्यायच्या आधी एक प्रश्न विचारला असता तर हे टळलं असतं.

कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करून गोळी थांबवता येईल का विचारा. साधारण दोन आठवडे बंद ठेवून मग टेस्ट परत करतात, मधल्या काळात जळजळ झाली तर फॅमोटिडीनसारखी दुसरी गोळी देता येते. पण मनाने बंद करू नका, आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांनीही नको, कारण गॅस्ट्रिन बनवणारी गाठ असलेल्या पेशंटला ही गोळी अचानक थांबवली तर अल्सर फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

दुसरं म्हणजे लॅब बदललीय. क्रोमोग्रॅनिनच्या टेस्टचे किट वेगवेगळ्या कंपन्यांचे असतात, एकाच दिवशी घेतलेलं तेच रक्त दोन किटवर वेगळे आकडे देतं. बाजारात एकीच्या काट्यावर तोललेली सुरमई दुसरीच्या काट्यावर कमीजास्त भरते तसंच, फरक पडला म्हणून मासा वाढत नाही. त्यामुळे आधीचे २१०, १८५ आणि हा ६४० एका ओळीत लिहूच नका. रिपोर्टवर युनिट आणि नॉर्मल रेंज काय छापलीय तेही बघा. यापुढे एकच लॅब धरा, देवगडातून सँपल जाणार असेल तर ते कुठल्या लॅबला जातं ते विचारून ठेवा. रक्त नेहमी उपाशीपोटी आणि पुढचं इंजेक्शन घ्यायच्या आधी द्या, कारण इंजेक्शनचा जोर असताना गाठ कमी स्राव सोडते, आकडा खाली दिसतो. सोबत क्रिएटिनिन करून घ्या, किडनी मंदावली की क्रोमोग्रॅनिन रक्तात साचतं.

एवढं सगळं करूनही आकडा वर राहिला तर? मग तो गंभीरपणे घ्यायचा. आजार वाढलेला नाहीच असं मी इथे बसून सांगणार नाही, ते सीटी किंवा एमआरआय आणि लागलं तर या गाठी खास टिपणारा गॅलियम डोटा पेट स्कॅन सांगेल. दोन-तीन वेळा चढतच गेलेला आकडा असेल तर डॉक्टर स्कॅन थोडा अलीकडे घेतात. पण औषध बदलायचं ते स्कॅन आणि पेशंटची अवस्था बघून, आणि तुम्ही लिहिलंय जुलाब कमी, वजन टिकून, ही माहिती माझ्या दृष्टीने त्या ६४० पेक्षा मोठी आहे.

काकांना एवढंच सांगा की न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर या एका नावाखाली बरेच वेगवेगळे आजार येतात. गाठीतल्या किती पेशी वाढतायत हे दाखवणारा केआय-६७ हा आकडा ३ टक्क्यांच्या आत असला तर ग्रेड १, ३ ते २० ग्रेड २, त्यावर ग्रेड ३. ग्रेड १ च्या गाठी बहुतेक वेळा सावकाश चालतात, माणसं कित्येक वर्षं कामधंदा करत जगतात. इरफान खान यांनी २०१८ मध्ये याच नावाचा आजार जाहीर केला आणि २०२० मध्ये ते गेले, पण दुसऱ्याच्या आजाराचं वेळापत्रक बाबांच्या डोक्यावर ठेवू नये.

प्रश्न : आईलाही असाच ट्यूमर आहे, ल्युटेशियमची (शिरेतून देतात ते गाठीला आतून रेडिएशन देणारं औषध) पहिली सायकल झाली, महिन्याने क्रोमोग्रॅनिन आधीपेक्षा वाढलंय. ट्रीटमेंट फेल गेली का? (गुहागर)

उत्तर : इतक्या लवकर फेल म्हणता येत नाही. ल्युटेशियमने गाठीतल्या पेशी मरताना आतला साठा रक्तात सुटतो, त्यामुळे सुरुवातीला आकडा तात्पुरता चढू शकतो. साधारण दोन-दोन महिन्यांच्या अंतराने चार सायकल असतात, खरा कल नंतरच्या महिन्यांत आणि स्कॅनमध्ये कळतो. मात्र चेहरा लाल होणं, जुलाब, धाप वाढली असेल तर वाट न बघता डॉक्टरांना कळवा.

प्रश्न : याच आजारासाठी २४ तासांच्या लघवीची फाइव्ह एचआयएए टेस्ट (सेरोटोनिन हार्मोनचा लघवीत उतरणारा अंश मोजतात ती) सांगितलीय. पथ्य काय? (वेंगुर्ला)

उत्तर : तीन दिवस आधीपासून आणि लघवी गोळा करताना केळी, अननस, टोमॅटो, वांगी, अक्रोड बंद. वेलची केळंसुद्धा नको, केळफुलाची भाजी पण राहू दे. पॅरासिटामॉल, खोकल्याचं औषध, डिप्रेशनची गोळी चालू असेल तर आधी लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. पहिल्या दिवशी सकाळी उठल्यावरची लघवी टाकून द्यायची, तिथून पुढची प्रत्येक वेळची डब्यात, दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली धरून. एखादी वेळ चुकून गेली तर लपवू नका, परत सुरू करा. डबा थंड जागी ठेवा, आणि लॅबने आत ॲसिड घातलेलं असेल तर त्यात थेट लघवी करू नका, दुसऱ्या भांड्यात घेऊन सावकाश ओता.