दिवसभर राबणाऱ्या बाईला वेगळा व्यायाम कशाला?

प्रश्न : माझे वय ५४ असून मी गुहागर तालुक्यातील एका वाडीत राहते. चार वर्षांपूर्वी पाळी थांबली. घर, गोठा आणि नारळी-पोफळीचे आगर यांत पहाटेपासून अंधार पडेपर्यंत माझे काम चालते. शिवाय रस्त्यावर यायचे तर जांभ्याची लांब पाखाडी चढावी-उतरावी लागते. वर्षभरापासून पाखाडी उतरताना गुडघे दुखतात. मुंबईला असलेल्या मुलीने व्यायामाचा धोशा लावला आहे, तर घरातील माणसे विचारतात की, दिवसभर राबणाऱ्या बाईला वेगळा व्यायाम कशाला? गेल्या पावसाळ्यात अंगणात शेवाळावरून घसरून मनगटाचे हाड मोडले होते, ते आता बरे आहे. मी काय करावे?

उत्तर : ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता सांगितलेली गोष्ट मी आधी घेते. उंचावरून नव्हे, तर नुसते चालताना पडून पन्नाशीनंतर मनगटाचे हाड मोडले, तर ते आधीच ठिसूळ झालेले असू शकते आणि त्या दृष्टीने तपासणी व्हायला हवी. आपल्याकडे मात्र प्लास्टर निघाले की विषय संपतो. पाळी थांबल्यावर शरीरातील इस्ट्रोजेन घटते आणि त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज सर्वांत वेगाने होते. तुम्ही नेमक्या त्याच टप्प्यात आहात. मुलीकडे जाल तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने कंबर आणि खुबा यांची डेक्सा तपासणी, म्हणजे हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी, करून घ्या. तिच्यात दुखत-खुपत काही नाही. अहवालातील टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल, तर हाडे ठिसूळ झाली आहेत असे समजतात. अहवाल कसाही आला तरी मोडलेल्या मनगटाची हकिकत डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण औषध द्यायचे की नाही हे ठरवताना तीही विचारात घेतली जाते.

आता व्यायामाविषयी. घरची माणसे म्हणतात ते निम्मे बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि ती तुमच्याकडून सहज होत असणार; त्यामुळे मुलगी ‘रोज चालायला जा’ म्हणत असेल, तर त्याची तुम्हाला फारशी गरज नाही. परंतु त्याच सूचनांमध्ये आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायामही सांगितले आहेत, आणि तिथे आगरातले काम अपुरे पडते. झाडणे, सोलणे, गोळा करणे ही कामे बहुतेक वाकून होतात, त्यांत वर्षानुवर्षे त्याच स्नायूंवर तेवढाच ताण येतो, आणि गुडघ्याला सांभाळणारे मांडीचे पुढचे स्नायू व नितंबाचे स्नायू यांना नव्याने बळ मिळत नाही. सवयीपेक्षा थोडा अधिक भार आणि त्यानंतर विश्रांती, या दोन्ही गोष्टी मिळाल्या तरच स्नायू वाढतो.

ओटीवर न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि हातांचा आधार न घेता तिच्यावरून सावकाश उठा, सावकाश बसा. सुरुवातीला आठ-दहा वेळा करून, थोडे थांबून, पुन्हा तेवढेच करावे. त्यानंतर खांबाला धरून टाचा उचलाव्यात आणि हळूहळू टेकवाव्यात. उताणे झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, मांडी आवळून ती गुंडाळी पाच सेकंद खाली दाबावी आणि सोडावी. गुडघा जास्त दुखत असेल त्या दिवशी एवढे केले तरी चालेल. तोल सांभाळण्यासाठी ओट्याला हात लावून एका पायावर उभे राहण्याचा सराव करा. हे सगळे एक दिवसाआड केले तरी पुरे, मात्र महिन्याभराने सोपे वाटू लागले की उठ-बस करताना हातात पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली घ्यावी.

पाखाडी चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर अधिक ताण येतो, म्हणून तुमचे दुखणे तेव्हाच जाणवते. चढताना बरा पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी. आणि हातात काठी असू द्यावी, यात लाजण्यासारखे काही नाही. वजन जास्त असेल तर ते थोडे उतरवले तरी लाभ मोठा आहे, कारण एक किलो वजन कमी झाले की चालताना गुडघ्यावरचा भार दर पावलाला सुमारे चार किलोने हलका होतो. विळीवर बसून करायची कामे तूर्त टेबलावर करा. गुडघा सुजला, गरम लागला किंवा मध्येच अडकू लागला, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. अंगणातील शेवाळ पावसाच्या सुरुवातीसच ब्लीचिंग पावडर टाकून घासून काढावे, आणि तळ झिजलेली रबरी चप्पल फेकून द्यावी. ती अनेक घरांत पावसाळ्यासाठीच जपून ठेवलेली असते!

प्रश्न : वय ६१, वेंगुर्ला. रोज नाचणीची भाकरी आणि आठवड्यातून तीन-चार वेळा मासळी असते. तरीही शेजारणीच्या सांगण्यावरून कॅल्शियमची गोळी सुरू केली आहे. ती चालू ठेवावी का? मला रक्तदाब आहे.

उत्तर : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांसाठी दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते, म्हणजे भाकरी पुरेशी नसली तरी पाया चांगला आहे. मासळीचे म्हणाल तर पापलेट-सुरमईतून प्रथिने मिळतात, कॅल्शियम फारसे नाही. ते मिळते तारली, मांदेली यांसारखी बारीक मासळी काट्यासकट खाल्ली तर, किंवा जवळ्यातून. खारवलेली सुकी मासळी मात्र रक्तदाबामुळे क्वचितच खा. दूध, दही किंवा ताक रोजच्या जेवणात असेल, तर कदाचित गोळीची गरजच उरणार नाही. हा हिशेब डॉक्टरांसमोर मांडा, विशेषतः पूर्वी मूतखडा झाला असेल तर. गोळी घ्यायचीच ठरली, तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि लोहाची गोळी चालू असल्यास दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पाकिटे मात्र स्वतःहून महिनोन्‌महिने घेत राहू नका, कारण त्याचा अतिरेक झाला तर रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.