सबा मिसोनी, पण साके आणि मिरिनशिवाय

ताई, एप्रिलमध्ये टोकियोला येताय, मिस्टरांना जेवणात दारूचा थेंब चालत नाही, मग साके (तांदळाची दारू) आणि मिरिन (स्वयंपाकातली गोड दारू) न घालता जपानी पद्धतीचा मासा होतो का आणि पुण्यातच बांगड्यावर हात बसवू का, असं विचारलंय तुम्ही. होतो की! सबा मिसोनी करा, म्हणजे मिसोत (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टमध्ये) शिजवलेला सबा, बांगड्याचा जपानी भाऊबंद, इकडे घरोघरी असतो.

साके तिथे कशाला असते ते बघा, मुख्यतः माशाचा वशट वास मारायला. ते काम गरम पाण्यानेही होतं. तुकड्यांच्या कातडीवर चीर द्यायची, उकळीच्या जरा खालचं पाणी वरून ओतायचं, कातडी पांढुरकी झाली की लगेच गार पाण्यात टाकून रक्त, खवले बोटाने काढून टाकायचे. मग आलं सढळ हाताने. हळद-मीठ चोळायची आपली सवय मात्र सोडा कारण मिसो स्वतःच खूप खारट असतो. मिरिनचं काम गोडवा आणि चकाकी, एक मोठा चमचा मिरिनऐवजी एक छोटा चमचा साखर. गूळही चालतो म्हणतात पण मला त्याची चव मिसोशी भांडते असं वाटतं.

चार तुकड्यांना दीड कप पाणी, दोन मोठे चमचे साखर, आल्याच्या चकत्या, तीन मोठे चमचे मिसो. निम्मा मिसो आधी आणि निम्मा शेवटी, नाहीतर वास उडून जातो. झाकण थेट माशावर टेकलं पाहिजे, तसं नसेल तर फॉइल गोल कापून मधे भोक पाडून ठेवा. बांगड्याला सबापेक्षा तेल कमी, म्हणून तो सात-आठ मिनिटांत उतरवा, इकडे आल्यावर सबाला बारा-पंधरा द्या. सुपरमार्केटात नॉर्वेचा सबा भरपूर मिळतो, तो तर चांगलाच तेलकट. मिसोला मात्र पर्याय नाही हां, सोया सॉसमध्ये बेसन कालवून वगैरे जुगाड करू नका, ऑनलाइन मागवा.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे इकडची लेबलं. होन-मिरिनमध्ये, म्हणजे अस्सल मिरिनमध्ये, साधारण १४ टक्के अल्कोहोल असतं, मिरिन-फू नावाच्या स्वस्त बाटलीत १ टक्क्यापेक्षा कमी, पण शून्य नाही. स्वयंपाकाची साके म्हणून र्‍योरीशू मिळते त्यात अल्कोहोल तर असतंच, वर मीठही घातलेलं असतं. आणि जे कोणी सांगत नाही ते हे, की बऱ्याच मिसोत आणि सोया सॉसमध्येही टिकण्यासाठी अल्कोहोल घालतात, घटकांच्या यादीत शुसेई लिहिलेलं असतं. मुतेन्का (वरून काही न घातलेला) लिहिलेला मिसो शोधा, तरी यादी वाचाच. आंबवताना आपोआप थोडंफार अल्कोहोल होतं ते वेगळं, त्याचं काय करायचं ते मिस्टरांनाच विचारा बाई.

बाकी माशांची काळजी नको. सावारा म्हणजे आपल्या सुरमईचा सख्खा भाऊ, इवाशी म्हणजे तारलीच समजा. इवाशी इकडे उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घालून शिजवतात, त्याजागी कोकम मस्त लागतं, फक्त उमेबोशी खारट असते म्हणून कोकम घातलंत तर सोया सॉस जरा वाढवा.